पाठमोरे मास्तर

आमच्या धावण्याच्या मास्तरांइतका सावकाश माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. आमच्या नंदाखाल गावच्या रस्त्याने ते चालू लागले की मागून येणारी म्हैस त्यांना ओलांडून पुढे जायची, कोणाच्या तरी वाडीत तोंड घालायची, मालकाचा मार खायची आणि घरी परतायला निघायची, तेव्हा मास्तर जेमतेम पहिल्या वळणावर पोचलेले असायचे. देवळातल्या रविवारच्या मिस्साला वेळेवर जायचं म्हणून हा माणूस शनिवारीच घराबाहेर पडतो, असं माझे पप्पा म्हणायचे. अशा माणसाला शाळेने मुलींना धावायला शिकवायचं काम का दिलं असेल, हा प्रश्न गावात सगळ्यांना पडायचा. विचारायला मात्र कोणी जात नसे, कारण मास्तरांच्या हाताखालच्या मुली खरोखरच धावायच्या.

उन्हाळा असो की हिवाळा, त्यांच्या अंगात राखी रंगाचा, हाताने विणलेला स्वेटर असायचा आणि काखेत छत्री. ती छत्री उघडलेली मी एकदाच पाहिली, तीही एका भिजलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर. गळ्यात शिट्टी होती, पण ती ते वाजवत नसत. शिट्टीने माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस धावत नाही, पळतो, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी ते खोकायचे. आम्ही रेघेवर ओणव्या झालो की ते घसा साफ करायचे, म्हणजे तयार. मग एक कोरडा, स्वच्छ खोकला, की आम्ही सुटायचो. या खोकल्याने आमचा एकदा घात केला. पापडीला तालुक्याच्या स्पर्धा होत्या. पंचांनी पिस्तूल वर धरलं होतं आणि नेमका त्याच वेळी मांडवात बसलेल्या एका वयस्क फादरांना ठसका लागला. पिस्तूल वाजायच्या आत आमच्या शाळेच्या दोघीजणी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या. परतीच्या एस्टीत मास्तर बराच वेळ खिडकीबाहेर पाहून झाल्यावर एवढंच म्हणाले, "खोकला चांगला होता त्यांचा."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नववीत होते आणि आमचा सराव म्हणजे फक्त धावणं. किती धावायचं हे ठरलेलं नसे. ओहोटी असली की राजोडीच्या ओल्या वाळूवर, भरती असली की केळीच्या वाडीत पाटाच्या कडेकडेने, आणि शनिवारी शाळेमागच्या मैदानात. पाय अनवाणी, घड्याळ नाही, मध्ये बसायचं नाही. मास्तर बस म्हणतील तेव्हा बस. शिकवणं असं त्यांचं एकच होतं, की पावलाचा आवाज कमी करा. वाळूने तुमची तक्रार करता कामा नये, म्हणायचे. आणि हे सगळं ते पाहत नसत. शेवटच्या रेघेपाशी आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहायचे. आम्ही त्यांच्या पाठीमागून निघून गेलो की मान न वळवता सांगायचे, पहिली सेलिना, मग तू, मार्था उजव्या टाचेवर जोर टाकतेय, आणि फिलो आज पोटभर जेवून आलेली आहे. त्यांची कधी चूक झाली नाही. आम्हांला आधी ती जादू वाटली आणि मग, कुठल्याही जादूचं होतं तसं, तिची सवय झाली.

नाताळ होऊन गेल्यावरची एक सकाळ मला अजून लख्ख आठवते, खरं तर त्या सकाळी काहीच लख्ख नव्हतं. राजोडीला इतकं धुकं पडलं होतं की किनाऱ्यावरची सुरूची झाडं दिसेनाशी झाली होती. समुद्र डाव्या हाताला होता, तो नुसता ऐकू येत होता. आम्ही चौघी रेघेवर उभ्या राहिलो. धुक्यातून मास्तरांचा खोकला आला आणि आम्ही निघालो. मी समुद्राच्या बाजूला, सगळ्यांत कडेला होते. आम्ही मास्तरांना ओलांडून पुढे जाऊन थांबलो. त्यांनी नेहमीप्रमाणे चौघींची नावं घेतली. मग ते मान एका बाजूला कलती करून म्हणाले, "आणि डावीकडून आली ती कोण?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. माझ्या डावीकडे पाण्याशिवाय काही नव्हतं. सेलिना धीट, ती वाळूवर पावलं शोधायला मागे गेली, पण लाट येऊन गेली होती आणि तिने आमचीसुद्धा पावलं पुसून टाकली होती. कोणी नाही मास्तर, असं सेलिनाने सांगितलं. मास्तर म्हणाले, असू दे, आणि पुन्हा खोकले.

दुसऱ्या वेळी मी ते ऐकलं. माझ्या डाव्या खांद्याच्या किंचित मागे पावलं पडत होती. माझ्यापेक्षा हलकी, लहान ढांगेची, पाण्यात नव्हे तर ओल्या वाळूवर पडावीत तशी. श्वास मात्र ऐकू येत नव्हता. मी वळून पाहिलं नाही. वळलं की वेग जातो हे मास्तरांनी शिकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर वळायची छातीही नव्हती. थांबले तेव्हा माझ्या डाव्या दंडावर काटा होता आणि उजवा दंड घामाने निथळत होता.

फिलोनेही काही ऐकलं असावं. तिने त्याच आठवड्यात धावणं सोडून गोळाफेकीत नाव घातलं. तिथे मागून कोणी येत नाही, हे तिचं कारण. मी घरी आईला सांगितलं. आई मासळी साफ करत होती. तिचा हात थांबला. तिने फक्त कोणत्या बाजूला, एवढंच विचारलं, आणि मी डावी म्हटल्यावर मास्तरांना यातलं काही विचारायचं नाही असं बजावलं. त्या संध्याकाळी तिने आम्हांला रोजच्यापेक्षा जास्त वेळ गुडघ्यांवर बसवून रोझरीची प्रार्थना म्हणायला लावली.

भीती किती दिवस टिकणार? पुढे ती पावलं शाळेच्या मैदानात यायची, केळीच्या वाडीतही यायची, जिथे दोघींना शेजारी धावायला जागाच नव्हती. कधी नाही आली तर मला चुकल्यासारखं व्हायचं. मी नकळत उजवीकडे सरकून त्यांना वाट देऊ लागले. मास्तर रेघेपाशी पाठ करून ऐकत असायचे आणि आम्ही गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर, लांबून कोणाची तरी खुशाली कळल्यावर येतं तसं काहीतरी यायचं. एरवी तो चेहरा बंद दुकानासारखा असायचा.

अकरावी-बारावी आमच्याकडेच करून पुढे मी मुंबईला कॉलेजात गेले. नन्सच्या वसतिगृहात राहत होते. धावण्याच्या जोरावर लगेच कॉलेजच्या संघात निवड झाली आणि पहिल्याच दिवशी मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुठल्या खेळाला आलो आहोत. इथे धावणं सगळ्यांत कमी होतं. आधी अंग मोकळं करायचं, मग गुडघे छातीपर्यंत उचलत चालायचं, मग लोखंडी वजनं. मग एकदा धावायचं आणि बसायचं. चक्क बसायचं. कोच स्वतः सांगायचे की बस, दम पूर्ण परत येऊ दे. मी बिचकत बसायचे, आता कोणीतरी ओरडणार म्हणून. पायात खिळ्यांचे बूट आले, रेघेऐवजी पाय रोवायला ठोकळे आले, आणि खोकल्याऐवजी लाकडाच्या दोन फळ्या आपटायचे, त्या आवाजाने पहिला महिनाभर मी जागच्या जागी उडायचे. कोच भला माणूस होता, पण त्यांचे डोळे माणसावर कमी आणि स्टॉपवॉचवर जास्त. शाळेत मास्तरांनी मला कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. इथे मला कोणी ऐकत नव्हतं, फक्त मोजत होतं.

निवड चाचणीत मी पहिली आले आणि बाद झाले. शंभर मीटरमध्ये आपली पट्टी सोडायची नसते. मी धावता धावता उजवीकडची रेघ ओलांडली होती. मला त्याचा पत्ताही नव्हता. कोचनी मला बाजूला घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी विचित्रच काहीतरी विचारलं.

"तू डावीकडे जागा कुणाला देतेस?"

मग ते म्हणाले की काही वर्षांपूर्वी माझ्याच शाळेची एक मुलगी त्यांच्याकडे होती, तीही अशीच धावायची, शेजारी कोणीतरी असल्यासारखी. तिला त्यांनी कारण विचारलं होतं. ती रडली होती आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नव्हती. "तू मात्र ये," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पट्टीच्या उजव्या रेघेवर ओळीने विटा मांडल्या. आता सरकायला जागा नव्हती. पहिल्यांदा त्या विटांच्या कडेने धावले तेव्हा डाव्या बाजूने गार वाऱ्याची रेघ अंगाला घासत गेली, आणि मी अर्ध्यातच थांबले. कोचनी पुन्हा उभं केलं. असे काही आठवडे गेले. पावलं शेजारून थोडी मागे गेली, मग आणखी मागे. एका संध्याकाळी धावताना मला स्पष्ट कळलं की ती थांबली आहेत. गावच्या वेशीपर्यंत पोचवायला आलेलं माणूस थांबतं ना, तशी. मी शेवटची रेघ ओलांडली, तेव्हा कोच स्टॉपवॉच नाचवत माझ्याकडे येत होते. इतक्या वेगात मी कधीच धावले नव्हते. त्यांनी सगळ्या मुलींना उसाचा रस पाजला. मी पोटरी भरून आल्याचं सांगून जिन्याखाली बसले आणि ओढणीत तोंड खुपसून रडले.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी दुसरी आले. मे महिन्याच्या सुट्टीत पदक घेऊन मास्तरांना भेटायला गेले. ते निवृत्त झाले होते, तरी दुपारी चारच्या सुमाराला शाळेच्या मैदानात सापडतील असं आईने सांगितलं, आणि तसेच सापडले, एकटे, स्वेटर घालून. पदक त्यांनी हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, छान आहे म्हणाले, आणि मला रेघेकडे जायची खूण केली. मी चपला काढल्या. मास्तर पाठ करून उभे राहिले. खोकला आता ओला झाला होता. मी धावले, त्यांच्या मागून गेले, थांबले. नारळाच्या झावळ्या वाजत होत्या तेवढाच आवाज.

"एकटीच आलीस," शेवटी ते म्हणाले.

मला परक्याची ठेव हरवून आल्यासारखं झालं. मी विटांचं सगळं सांगून टाकलं. मास्तर वळले. आमच्या धावपट्टीकडे तोंड करून उभे राहिलेले मी त्यांना प्रथमच पाहत होते. मग घराकडे चालता चालता, शाळेतलं पुस्तकी मराठी सोडून आपल्या घरच्या बोलीत, त्यांनी मला मोनीची गोष्ट सांगितली.

मोनी त्यांची धाकटी बहीण. राजोडीच्या वाळूवर दोघं रोज शर्यत लावायचे आणि रोज तीच जिंकायची. एके दिवशी हरल्यावर मास्तर रुसले, समुद्राकडे पाठ करून बसले. ती यांना हसवायला मागून धावत यायची, जायची, पुन्हा यायची. हे ऐकत होते आणि हट्टाने वळत नव्हते. पावलं आली, गेली, आली, आणि मग आली नाहीत. आणखी थोडा वेळ रुसून झाल्यावर त्यांनी वळून पाहिलं. किनारा रिकामा होता. समुद्राने तिला परत दिलंच नाही. "तेव्हापासून ऐकतोय," ते म्हणाले. "बघायची वेळ तेव्हाच गेली."

मग आता ती कुठे असेल, मी विचारलं. तोवर त्यांचं घर आलं होतं. त्यांनी मला आत बोलावलं नाही, आणि मीही अंधार पडायच्या आत जवळजवळ पळतच घरी गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या दिवशी, मी मुंबईहून घरी आले होते. दिवस मावळत होता. देवळामागची दफनभूमी मेणबत्त्यांनी आणि झेंडूने भरून गेली होती. लोक आपापल्या माणसांपाशी उभे होते. ज्यांच्या माणसांची कबर इथे नाही, ते मधल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावतात. तिथे मास्तर होते. मी आजीच्या कबरीवरून उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी स्वेटरच्या आतून एक मेणबत्ती काढली, पण पेटवली नाही. माझ्या हातात दिली.

"तू लाव, बाय," ते म्हणाले. "मी तिला फार लहान असताना पाहिलंय. तुझी तिची ओळख अलीकडची आहे."

वारा समुद्राकडून येत होता. मी दोन्ही हातांचा आडोसा धरून मेणबत्ती लावली. माणसं हळूहळू घरी गेली, आईने लांबून एकदा मला हाक मारली आणि मग तीही गेली. ज्योत विझेपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे होतो, आणि मास्तर सगळा वेळ तिच्याकडे बघत होते.