माणसाच्या वजनाचा पंख

प्रभाताई गाडेकर यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या तळ्याच्या पाण्यापासून हातभर उंचीवरून निघाल्या होत्या. हसनाबादला माझी बहीण दिलेली आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिच्याकडे गेलो असता मेहुण्यांनी मला गाडीवर बसवले आणि "चला, एक गंमत दाखवतो" म्हणून तळ्यावर नेले. काठावर उभा राहून पाहतो तो एक बाई शीड धरून फळीवर उभ्या, फळी पाण्याच्या वर, आणि आवाज म्हणाल तर काहीच नाही. त्या काठाशी आल्या, पाण्यात उतरल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघत काय राह्यले? पकडा जरा फळीचं हे टोक."

मी टोक पकडले. ते आजतागायत सुटलेले नाही. ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, तो बहुधा त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांत मी सर्वांत जड आणि सर्वांत उशिरा शिकलेला म्हणूनच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बोर्ड म्हणजे माणूस उभा राहील एवढी रुंद, तरंगणारी फळी. तिच्यावर शीड. फळीच्या खाली पाण्यात उतरणारा एक खांब आणि त्याच्या तळाशी एका आडव्या दांडीवर विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा आणि मागचा लहान. या खालच्या भागाला फॉइल म्हणतात. शिडात वारा भरून वेग आला की पुढचा पंख पाण्यातल्या पाण्यात वर उचलू लागतो आणि फळी पाणी सोडते. मात्र कोणत्या बोर्डाखाली केवढा पंख लावायचा, हे वारा आणि वर उभा राहणारा माणूस पाहून ठरवावे लागते. ताईंचे सारे काम या ठरवण्यात आहे.

ताई मूळच्या टेंभुर्णीच्या, सासर केदारखेड्याचे. त्यांचे यजमान वसंतराव बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती करत, म्हणून लग्नानंतर दोघांचे अर्धे आयुष्य किनाऱ्यावर गेले. तिथे ताई आधी हौसेने शिडाची फळी शिकल्या, मग शिकवू लागल्या. वसंतराव थकले तेव्हा दोघे शेतीवर परत आले. येताना सामानात कपाट नव्हते, पलंग नव्हता. तीन बोर्ड, चार पंख आणि एक छोटी इंजिनाची नाव होती. ट्रकवाल्याने हे विमान कुठे उतरवायचे असे विचारले होते, असे वसंतराव अजूनही सांगतात.

आमच्या भागात समुद्रासारखा वारा नाही. तळे भरलेले असते त्या हिवाळ्याच्या दिवसांत दुपारी जेमतेम झाडाची पाने हलतील एवढाच वारा सुटतो. अशा वाऱ्यात शिकवायचे, तेही कधी समुद्र न पाहिलेल्यांना, हे ताईंनी अंगावर घेतले. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे आम्ही दोघेच होतो. एक मी, जालन्यातल्या सरकारी कचेरीत खुर्चीवर बसून वजन वाढवलेला माणूस. दुसरी मनीषा, हसनाबादची, कॉलेजात शिकणारी, अंगाने काडी.

मनीषाचे वडील रामभाऊ यांना हे पसंत नव्हते. ते तळ्यावर येऊन ताईंना म्हणाले, "पोरगी बुडली तं कोण जिम्मेदार?"

ताईंनी वाद घातला नाही. "मी जिम्मेदार. पण तुमचा भरोसा कशाला बसावा? तुम्ही नावेत बसा. तुमच्या डोळ्यासमोर शिकवते."

रामभाऊ नावेत बसले. पुढच्या रविवारीही आले. वसंतरावांनी त्यांना इंजिन चालवायला शिकवले. आज आमची नाव रामभाऊच सांभाळतात, आणि कुणी तरंगते जाकीट न घालता पाण्यात पाय ठेवला तर ताईंच्या आधी तेच ओरडतात.

मनीषा त्याच हिवाळ्यात उडाली. मी उडालो नाही. पुढच्याही हिवाळ्यात नाही. रुंद बोर्डावर मी उभा राहत असे, शीड धरत असे, तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असे, पण फळी पाण्याला चिकटलेलीच. ताई काठावरून सांगत, "पवारभाऊ, मागचा पाय दाबा. शीड जवळ ओढा. अजून दाबा." मी दाबत होतो. पाय भरून येत, सोमवारी कचेरीचा जिना चढताना कठडा धरावा लागे. काठावर बघणारे जमत. कुणी वाईट बोलत नसे, पण मी परतीला वळलो की त्यांचे हसू मला ऐकू येई.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मी ताईंना म्हणालो, "ताई, मी येईन, नाव ओढीन, सामान उचलीन. पण हे आपल्याला जमायचं न्हाई. माझा देह यासाठी न्हाई."

ताई समजूत घालतील असे वाटले होते, ती त्यांनी घातली नाही. मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो.

पुढच्या रविवारी मी सामान उचलायला म्हणून गेलो, तर काठावर नवरा-बायकोचे चालू होते. रुंद बोर्डावर, पाय ठेवायच्या जागांच्या मध्ये, ताईंनी पाण्याने भरलेले दोन मोठे कॅन पट्ट्यांनी आवळून बांधले होते.

"हे काय करून राह्यली तू?" वसंतराव विचारत होते. "या वयात पाठ मोडून घ्यायची हाय का?"

"पवारभाऊंचं वजन घेऊन बघते," ताई म्हणाल्या. "पाण्याचेच कॅन हायेत. उलटले तं पाण्यात काय बुडवणार मला?"

त्या गेल्या. बोर्ड तोच, पंख तोच, रोजचाच वारा. किनाऱ्यावर इतकी वर्षे घालवलेल्या ताई, पण फळी पाणी सोडेना. त्यांनी पाय दाबले, शीड ओढले, मला सांगत ते सगळे करून पाहिले. नावेत बसलेले रामभाऊ मान हलवत राहिले. दुपार उतरत आली तेव्हा त्या काठाला आल्या, कॅन सोडले आणि पुन्हा निघाल्या. काठावरच्या चार झाडांइतके अंतर गेल्या नसतील, तोच फळी वर उचलली गेली.

परत आल्यावर त्या ओल्या कपड्यांतच सगळ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. मनीषा होती, रामभाऊ होते, नेहमीचे बघेही होते. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं यांना मी पाय दाबा म्हणून सांगून राह्यले. पायाची बिलकुल चूक न्हाई. माझी चूक हाय. हा पंख माझ्या वजनाचा हाय. माझ्यावरून मी यांना मोजलं."

नोकरीत मी अनेक वरिष्ठ पाहिले. चारचौघांत असे बोललेले मला आठवत नाहीत. त्या क्षणी माझ्या मनातून दोन वर्षांचा संकोच निघून गेला. बोर्ड उडायचा होता अजून, पण माझे काम तिथेच झाले होते.

ताईंचा एक जुना विद्यार्थी किनाऱ्यावर असतो. त्याच्याकडचा मोठा पुढचा पंख त्याने उसना पाठवला. एका बनावटीचा पंख दुसऱ्या बनावटीच्या दांडीला बसत नाही, म्हणून त्याने पंखाबरोबर त्याची दांडीही पाठवली. वसंतरावांनी जुळवाजुळव करून दिली. पण पंख लावायच्या दिवशीच रुंद बोर्डाच्या तळाला चीर पडलेली सापडली, ती बुजवून वाळेपर्यंत तो वापरता येईना. मला धीर नव्हता. मी म्हणालो, मनीषाच्या अरुंद बोर्डाला लावून बघू.

"बघा," ताई म्हणाल्या. "जाकीट आवळा मात्र."

मी उडालो खरा, पण घोड्याने उधळावे तसा. पंख एकदम वर आला, फळी डावीकडे कलली, मी उजवीकडे, आणि पुढचे सगळे पाण्याखाली घडले. रामभाऊंनी नावेत ओढून घेतले तेव्हा मी खोकत होतो आणि हसतही होतो.

ताई समजावू लागल्या, "पंख मोठा झाला की तो जोरात उचलतो. त्याला पायांनी दाबून धरायला फळीला रुंदी पाहिजे. अरुंद फळीवर तुमचा पाय कडेपर्यंत जातच न्हाई, मंग पंख मालक आणि तुम्ही नोकर. मनीषाला अरुंद फळी आणि मधला पंख बराबर हाय. तुम्हाला रुंद फळी आणि हा मोठा."

रुंद बोर्ड वाळला. त्याला मोठा पंख लागला. ताईंनी शिडाचा खांब थोडा पुढे सरकवला, माझे पाय कुठे पडतील ते फळीवर ओल्या बोटाने दाखवले आणि म्हणाल्या, "आज जोर लावू नका. नुसते उभे राहा."

मी नुसता उभा राहिलो. वारा नेहमीचाच, पानांपुरता. फळीखाली पाण्याचा चपचप आवाज येत होता, तो अचानक थांबला. खाली पाहिले तर माझ्या आणि पाण्याच्या मध्ये जागा होती. कचेरी, जिना, गुडघे, कशाचीच आठवण आली नाही. मागून नावेतून रामभाऊंचा आवाज आला, "साहेब, उडाले तुम्ही." उत्तर द्यायला गेलो असतो तर पडलो असतो.

त्यानंतर ताईंकडे येणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात वेगळी झाली. आधी त्या विचारतात वजन किती, पोहता येते का, गुडघा दुखतो का. मग बोर्ड ठरतो, मग पंख, आणि वारा पाहून शेवटी शीड. शिकायला कोण आले हे पाहिल्याशिवाय त्या पंखाचा बोल्ट आवळत नाहीत. आज तळ्यावर शिक्षिका येतात, दुकानदार येतात, केदारखेड्याचे निवृत्त पोस्टमास्तर येतात. कुणी उडते, कुणाला अजून वेळ आहे. पण "माझा देह यासाठी नाही" हे वाक्य मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकले नाही.

याच हिवाळ्यात एक दिवस ताई काठावर आपल्या पातळ, वेगवान पंखाचे बोल्ट सोडताना दिसल्या. किनाऱ्यावर असल्यापासून त्या तोच पंख वापरत आल्या. मी विचारले, काय झाले? त्या म्हणाल्या, "साठ झाले, पवारभाऊ. गुडघा पहिल्यासारखा धक्का देईना, आणि हा पातळ पंख धक्क्याशिवाय उचलत न्हाई. मनीषाला हा पंख दिला, ती आता त्याच्या जोगी झाली. मी मधला घेते." त्यात खंत नव्हती. मधला पंख लावून त्या निघाल्या, थोड्या सावकाश, पण लवकरच वर आल्या.

ताई, तळ्याला दरवर्षी पाणी येवो आणि तुमच्या वाट्याला पानांपुरता का होईना, रोज दुपारी वारा येवो. वसंतरावांसह तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. वय वाढेल तसा तुम्हाला अजून मोठा पंख लागेल. तो आणायला, लावायला आणि फळीचे टोक पकडायला आम्ही काठावर आहोतच.