कोठाराचं लाल दार

ओदील गोदे ही आमच्या गावच्या चित्रालयाची राखणदार. इतकी भित्री, की घराचं कुलूप ओढून बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची. अशा बाईच्या हाती गावाने चित्रं सोपवावीत, हे आमच्याकडेच व्हायचं.

त्यातल्या एका जलरंगी चित्रात आमचं खाजण आहे. बांध, भरतीचं पाणी आणि गवताची कोठारं. कोठारं केव्हाच पडली, आता ती फक्त कागदावर उरलीत. जलरंगाला उजेड सोसत नाही, म्हणून चित्रावर जाड कापड सोडलेलं असतं. आलेल्याने ते उचलायचं, बघायचं, पुन्हा सोडायचं.

म्हातारा आल्सीद कोर्मिए रोज यायचा. चित्रातलं लाल दाराचं कोठार त्याच्या बापाचं. खांदे आखडल्यामुळे त्याचे हात वर जात नसत, आणि दुसऱ्याला कापड धरून उभं ठेवायची त्याला लाज वाटे. ओदीलने घरून कपड्यांचा चिमटा आणला आणि कापड वर अडकवलं. तो गेल्यावर ते सोडायला ती विसरायची. कधी मुद्दामही विसरायची, कारण तिलाही ते चित्र आवडायचं.

बर्फ वितळायच्या दिवसांत एकदा चित्राची काच पुसताना तिने जवळून पाहिलं. चित्रातलं आभाळ पांढरंफटक पडलं होतं. दाराचा लाल रंग जेमतेम उरला होता.

व्यवस्थापिका एस्टाब्रुक्सबाई चित्र अंधाऱ्या कपाटात विश्रांतीला न्यायला सोमवारी येणार होत्या. नोकरीची भीती होतीच. पण आल्सीदच्या बापाचं दार आपल्या हातून पुसलं गेलं, हे त्याला कळलं तर? तिने चिमटा खिशात टाकला, कापड सोडलं आणि तो आल्यावर सांगितलं, आज बघता येणार नाही.

तो बाकावर बसला. मग म्हणाला, "दार जातंय म्हणून ना?"

ओदीलने विचारलं, "काका, तुम्हाला कधी कळलं?"

"बर्फ पडायच्या आधीच. पहिलं आभाळ गेलं." तो तिच्याकडे बघत नव्हता. "सांगितलं असतं तर तू कापड सोडलं असतंस. भ्यायलो गं पोरी."

ती त्याच्याशेजारी बसली. तो म्हणाला, "बाईंना माझं नाव सांग."

"दोघांचं सांगते."

सोमवारपर्यंत थांबायचा धीर तिला नव्हता. तिने तिथेच फोन काढला, पण नंबर दोनदा चुकला, तेव्हा आल्सीदने फोन मांडीवर ठेवून तो लावला.