अण्णांचा थेंब

माझे सासरे, अण्णा केळुसकर, गेली त्रेपन्न वर्षं गिरगावात घड्याळं दुरुस्त करतात. दुकान म्हणायचं म्हणून दुकान. आमच्याच चाळीच्या जिन्याखाली एक काचेचं कपाट, त्यामागे स्टूल आणि स्टुलावर अण्णा. दोन गिऱ्हाइकं एकदम आली की जिना बंद होतो. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, इतक्या लहान जागेत आयुष्य काढणारा माणूस स्वभावाने गरीब असेल. तो गैरसमज पहिल्याच आठवड्यात दूर झाला.

अण्णा नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि काचेच्या बाबतीत तर नाहीच नाही. घड्याळावरची काच साधी आहे, प्लास्टिकची आहे की सफायर, हे ते पैजेवर सांगतात. सफायर म्हणजे नीलमाच्याच जातीची, पण रंग नसलेली, कारखान्यात बनवलेली काच. किल्ली घासा, नाणं घासा, ओरखडा उठत नाही. महागड्या घड्याळांना ती असते आणि नकली घड्याळं विकणारे तिच्याच नावाने लोकांना टोप्या घालतात. म्हणून घड्याळ विकत घेण्याआधी अण्णांना दाखवून घ्यायचं, अशी आमच्या भागातली रीतच आहे.

त्यांची परीक्षा दोन पायऱ्यांची. आधी काच स्वच्छ पुसून काडीच्या टोकाने तिच्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. साध्या काचेवर तो पसरतो, सफायरवर गोल उभा राहतो. मग ती काच वरच्या ओठाला लावायची. सफायर थंड लागते आणि थंडच राहते. साधी काच लगेच ओठाची ऊब घेते. थेंब आणि ओठ, दोघांनीही हो म्हटलं की अण्णा मान हलवतात. मग पुढे कुणी वाद घालत नाही.

माझा नवरा यशोधन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो परळला एका विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासतो. दिवसभर लोकांवर संशय घेण्याचाच पगार मिळतो, त्यामुळे ती सवय तो घरीही घेऊन येतो. गेल्या वर्षी त्याच्या संशयाची गाडी एका फोन बनवणाऱ्या कंपनीकडे वळली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिचा फोन ज्याच्याकडे असतो तो स्वतःच दर दहा मिनिटांनी ते सांगत असतो.

तर या कंपनीने नवा फोन काढला आणि स्क्रीनबद्दल एवढंच सांगितलं की काच आता ‘आणखी टणक’ आहे. कशाची आहे, ते नाही. कुणी लिहिलं, कंपनीने सफायर बनवायच्या भट्ट्या घेतल्यात. कुणी म्हणे, पेटंटचे कागद बघितलेत. यशोधनने हे सगळं जोडलं आणि तीन आठवडे आमटीभाताबरोबर आम्हाला वाढलं.

“सगळ्या फोनांना नाही लावलेली, सीमा. थोड्यांनाच. गुपचूप. लोकांच्या हातात टिकते का बघतायत. टिकली की मग जाहीर करणार.”

“मग आत्ताच सांगायला काय जातं त्यांचं?”

“आणि फुटली तर? नाक कापलं जाईल ना.”

अण्णा यावर काही बोलत नसत. ताटातली भाजी संपवून हात धुवायला उठत. यशोधन त्यांच्या पाठीकडे बघत राही. मला त्या दोघांचाही राग येई, पण ताटं मलाच उचलायची असत, त्यामुळे तो राग तिथेच राही.

अण्णांच्या या गप्प राहण्यामागे जुनी गोष्ट आहे. यशोधन दहा वर्षांचा असताना अण्णांनी त्याला कपाटामागे बसवलं होतं. पहिल्याच दिवशी त्याच्या चिमट्यातून केसाएवढी बारीक स्प्रिंग उडाली, ती परत सापडली नाही. “तुझ्या हातात ते नाही,” एवढंच अण्णा म्हणाले. ना मारलं, ना ओरडले. पण त्यानंतर त्याला कधी तिथे बसू दिलं नाही. मी या घरात येऊन अठरा वर्षं झाली. पाऊस कधी पडेल, निवडणुकीत कोण येईल, पायरी आंबा कुठे चांगला मिळेल, कशाच्याही बाबतीत अण्णांनी यशोधनला ‘बरोबर आहे’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या हितेंद्रने तो फोन घेतला. यशोधन त्याला सकाळीच खाली घेऊन आला. पाहता पाहता कपाटासमोर सात-आठ माणसं जमली. मीही दुधाची पिशवी हातात घेऊन थांबले. हितेंद्रने स्क्रीनवरचं संरक्षक आवरण काढलं. अण्णांनी काच पुसली, काडी पाण्यात बुडवली आणि थेंब ठेवला.

थेंब उभा राहिला. अण्णांनी फोन थोडा कलता केला, तर तो न मोडता अख्खाच्या अख्खा घरंगळला.

अण्णांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि मुलाकडे पाहिलं. “यशा, तुझा बरोबर आसा.”

अण्णा एरवी आमच्याशी साधं मराठी बोलतात. मालवणी तोंडात येते ती फार संतापले तर, नाहीतर फार आनंद झाला तर. चव्वेचाळीस वर्षांच्या यशोधनचा चेहरा असा उजळलेला मी फक्त आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी पाहिला होता. त्याने तिथेच उभं राहून चाळीच्या ग्रुपवर लिहिलं की त्रेपन्न वर्षांचा अनुभव सांगतो, ही काच सफायरच आहे. हितेंद्रने काढलेलं आवरण अण्णांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि फोन किल्ल्यांच्या खिशात घातला.

“ओठाला नाही लावलीत?” मी विचारलं.

“अगो, लोकाचा फोन तो. दिवसभर कुणाच्या गालाला, कुणाच्या कानाला. ओठाला काय लावायचा?”

सगळे हसले. मीही हसले.

त्या दिवसापासून यशोधन ऑफिसातून आला की वर येण्याआधी दहा मिनिटं कपाटापाशी उभा राहू लागला. अण्णा त्याला जा म्हणत नसत. एकदा तर उघडं घड्याळ त्याच्यासमोर धरून काहीतरी दाखवताना मी पाहिलं. काचेचा विषय मात्र यशोधनने घरात पुन्हा काढला नाही. जिंकल्यावर माणूस गप्प बसत असेल, असं मी समजले.

नऊ दिवसांनी, मंगळवारी संध्याकाळी मी ओट्यापाशी कोथिंबीर धूत होते. माझा फोन नळाशेजारीच आडवा ठेवलेला. चार वर्षांपूर्वी दादरला सेलमध्ये घेतलेला, त्या दुकानातला सगळ्यांत स्वस्त फोन. जुडी झटकली तसे त्यावर दोन-तीन थेंब उडाले. अण्णा शेजारी चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

थेंब गोल उभे होते.

अण्णांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल घेऊन फोन पुसला, काडेपेटीतली काडी घेतली आणि नवा थेंब ठेवला. तोही उभा राहिला. मग आणखी एक ठेवला.

“याच्यावर काय लावलेलं असतं?”

“बोटांचे डाग बसू नयेत म्हणून काहीतरी पातळ थर असतो. पाणी, तेल धरत नाही. खोक्यावर लिहिलं होतं.”

“याच फोनला?”

“हल्ली बहुतेक सगळ्यांनाच असतो, अण्णा.”

ते खाली बसले. “म्हणजे मी त्या थराची परीक्षा केली. काचेची केलीच नाही.”

मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हटलं, “असू दे. कंपनी काही सांगणार नाही. तुमच्या-माझ्याशिवाय हे कुणाला कळणार आहे?” खरं सांगायचं तर मी अण्णांचा विचार करतच नव्हते. मला ती संध्याकाळची दहा मिनिटं दिसत होती.

“मला कळलंय ना,” अण्णा म्हणाले. त्यांनी काडी परत काडेपेटीत ठेवली. “चाळीला काय, सांगून टाकेन. त्याला कसं सांगू?”

इतकी वर्षं या माणसाला मी कशालाही भ्यालेलं पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते भ्याले होते, आणि मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्र कामाला निघाला तेव्हा त्यांनी त्याला जिन्यात अडवलं. फोन मागून घेतला, स्पिरिटने पुसला, वाळू दिला आणि डोळे मिटून वरच्या ओठाला लावला. हितेंद्र माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

“ऊब धरली,” अण्णा डोळे उघडून म्हणाले. मग भिंग लावून त्यांनी काच कोपऱ्याकोपऱ्याने तपासली. खालच्या बाजूला किल्लीचा एक बारीक ओरखडा होता. “हितेंद्र, माझी चूक झाली. सफायर नाही ही. टणक असेल, पण काचच. आवरण आजच्या आज लावून घे, त्याचे पैसे मी देईन.”

“काय अण्णा तुम्ही पण. एवढासा तर आहे, दिसत पण नाय.”

“मला दिसतो,” अण्णा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम तीन कप चहा घेऊन खाली गेले. यशोधन नुकताच आला होता, खांद्यावरची बॅगही उतरवलेली नव्हती. अण्णांनी चहाला हात न लावता त्याला सगळं सांगितलं. माझा फोन, थेंब, तो थर, हितेंद्रच्या काचेवरचा ओरखडा. “मी बरोबर म्हटलं होतं तुला. ते चुकीचं होतं,” असं त्यांनी शेवटी म्हटलं आणि ते उत्तराची वाट बघत राहिले.

“मला माहीत होतं,” यशोधन म्हणाला.

“कधीपासून?”

“त्याच रात्री. माझ्या जुन्या फोनवर थेंब टाकून बघितला. उभा राहिला.”

मी कप आपटणारच होते. ज्या माणसाने कंपनीच्या लपवाछपवीवर तीन आठवडे आमचं डोकं खाल्लं, तो स्वतः दहा दिवस मूग गिळून बसला होता. माझ्यापासूनसुद्धा.

“मग बोललास का नाहीस?” अण्णांनी विचारलं.

यशोधन बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. “तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात, बरोबर आहे म्हणून. म्हटलं, राहू दे चार दिवस.”

जिन्यावरून कुणीतरी उतरलं, आम्ही तिघांनी अंग चोरून वाट दिली.

“दुसऱ्या फोनवर बघायचं तुला कुणी सांगितलं?” अण्णांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला घड्याळ कधी बंद पडलं विचारतात तसा.

“कुणी नाही. क्लेमला आम्ही तसंच करतो. एक कागद खरा वाटला की त्याच्या शेजारी दुसरा ठेवून बघायचा.”

अण्णांनी मान हलवली. “त्रेपन्न वर्षं थेंब ठेवतोय. मला सुचलं नाही.” त्यांनी पायाशी असलेला लाकडी खोका ओढून कपाटामागे घेतला, त्यावरची धूळ हाताने झटकली आणि म्हणाले, “बस.” यशोधन बॅगेसकट बसला. त्याचे गुडघे बाहेर जिन्यात आले.

“यशा,” अण्णा म्हणाले, “ह्यां मात्र तुझा बरोबर आसा.”

यशोधनने मान खाली घातली. मी उगीचच कप गोळा करू लागले, अजून भरलेले होते तरी.

ग्रुपवर लिहायचं अण्णांनी सांगितलं आणि यशोधनने टाइप केलं: ‘फोनच्या काचेबद्दल केळुसकरांची परीक्षा चुकली. चूक यशोधनने पकडली.’ दुसरं वाक्य त्याने लगेच खोडलं. अण्णांनी ते परत लिहायला लावलं, भिंग लावून दोन्ही वाक्यं सावकाश वाचली आणि म्हणाले, “आता पाठव.”