गंगाराम परबांची नवी सुई

पार्सल उघडायला आमच्या भावजींनी पाऊण तास लावला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. मी अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. दोन थांब्यांच्या मधे पन्नास तिकिटं फाडून मोकळा व्हायचो. आणि हा माणूस काडेपेटीएवढ्या खोक्याची चिकटपट्टी नखाने सोडवतोय!

"भावजी, सुरी देवू काय?"

"सुदेश, तू गप बस. भितर हिरो आसा."

थट्टा नव्हती. कार्ट्रिजच्या सुईच्या टोकाला खरोखरच हिऱ्याचा कण असतो, हे मला त्या दिवशी कळलं. हे कार्ट्रिज म्हणजे रेकॉर्डवर फिरणाऱ्या दांड्याच्या तोंडाशी बसवायचं बोटाच्या पेराएवढं काळं डबडं. सुई त्याच्यातच असते.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलाक्काचे यजमान, गंगाराम परब. वय चौऱ्याहत्तर. धामापुरात त्यांना परब कोणी म्हणत नाही, 'स्पीकरवालो' म्हणतात. तळ्याच्या आजूबाजूच्या वाड्यांत चाळीस वर्षं एक लग्न, एक सत्यनारायण, एक जत्रा त्यांच्या भोंग्यांशिवाय झाली नाही. माडावर चढून भोंगा बांधायचे, खाली उतरून रेकॉर्ड लावायचे, आणि नवऱ्याकडच्यांशी भांडायचे ते वेगळंच. मग डीजे आले, भोंगे माळ्यावर गेले. त्या उतरत्या काळात त्यांनी म्हापशाच्या एका जुन्या घरातून रेकॉर्ड वाजवायचा जपानी टर्नटेबल उचलला, मांडीवर घेऊन माझ्याच गाडीतून आणला. लगेजचं तिकीट फाडलं मी, सोडलं नाही! विमलाक्का महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती. पुढे त्याची सुई मोडली आणि बारा वर्षं तो टॉवेलखाली पडून राहिला.

आता बारा वर्षांनी हा हिरा कशाला मागवला? सुगंधाबायसाठी.

सुगंधाबाय आमच्या वाडीतलीच, पाणंदीच्या पलीकडे तिचं घर. तिचे वडील दत्ताराम दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. मुंबईच्या कुठल्याशा लहान कंपनीने बासष्ट साली त्यांची एक छोटी रेकॉर्ड काढली, दोन बाजूंना दोन पदं. पुढच्याच वर्षी ते गेले. पोर तेव्हा नऊ वर्षांची. फोटो एकच, तोही लुगडं नेसलेला, मेकपमधला. राहिली ती रेकॉर्ड.

त्र्याऐंशी साली तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. तिने विश्वासाने रेकॉर्ड भावजींच्या हातात दिली. मांडवात पोरं नाचत होती, जमीन हादरत होती, सुई उडत होती. तेव्हा सगळे स्पीकरवाले करायचे तेच भावजींनी केलं. दांड्याच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवलं आणि तीच बाजू सहा वेळा वाजवली. सातव्या वेळेला पदाऐवजी खरखर आली. सुगंधाबायने भर मांडवात येऊन रेकॉर्ड काढून घेतली आणि एवढंच म्हणाली, "एक बाजू तू खाल्लंस, गंगारामा."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायची, हळदीकुंकवाला यायची, काजूच्या दिवसांत टोपलीही पाठवायची. पण रेकॉर्डचं नाव नाही. भावजींना ते शब्द चाळीस वर्षं टोचत होते हे मला ठाऊक आहे, कारण दर शिमग्याला जरा घेतली की ते तेवढंच एक बोलायचे.

यंदा गणपतीत सुगंधाबाय स्वतःहून आली. म्हणाली, "दुसरी बाजू ऐकूची आसा माका. मरणाच्या आधी. पण हीव खाल्लंस तर मगे तुझ्या दारात पाय ठेवचंय नाय."

झालं! माणूस पेटला. पुतण्याकडून मोबाइलवर कार्ट्रिज मागवलं, आवाज वाढवायची एक छोटी डबीही मागवली. पार्सल मंगळवारी आलं आणि बुधवारी सकाळी आम्ही दोघे पडवीत पाट मांडून बसलो. विमलाक्काने पंखा बंद केला, का तर वाऱ्याने स्क्रू उडतील. ते स्क्रू बघून मला घामच फुटला, मोहरीएवढे!

दांड्याच्या तोंडातून चार वायरी येतात, केसांसारख्या बारीक. लाल, हिरवी, पांढरी, निळी. कार्ट्रिजच्या पाठीला चार पिना. काटा काढायच्या चिमट्याने एकेक वायर एकेका पिनेत सरकवायची. सोबत आलेला कागद मी उलगडला.

"वाचून दाखवतंय, भावजी. पांढरी खंय..."

"माका वायरी शिकवतंस? माझो जल्म वायरीत गेलो!"

कागद मी घडी करून खिशात घातला. मलाही मान आहे. पण खरं सांगतो, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भिंग डोळ्याला लावून, चारही वायरी पाच मिनिटांत. मग चौकोन छापलेला दुसरा कागद तबकावर, म्हणजे रेकॉर्ड फिरते त्या थाळीवर ठेवून सुई त्याच्यावरच्या टिंबावर आणायची, डबडं केसभर पुढे, केसभर मागे, चौकोनाच्या रेघेशी समांतर. तासभर चाललं. "उजवीकडे... रे उजवीकडे म्हटलंय!" असं ते मला ओरडत होते, आणि हात तर त्यांचाच होता.

शेवटी वजन. सुईचा भार रेकॉर्डवर दोन ग्रॅमच पडायला हवा. भावजींनी सवयीने खिशातून रुपया काढला आणि विमलाक्काने अशी हाक मारली, की रुपया पाटाखाली गेला.

"परत नाणा? शिरा पडो त्या नाण्यार! सोनाराकडे जावा."

रिक्षा करून टर्नटेबल घेऊन आम्ही कट्टा गावच्या सोनाराकडे गेलो. गिऱ्हाईक बाजूला सारून त्याने आम्हाला गादीवर बसवलं. काट्यावर सुई टेकवली तर साडेतीन! भावजी दांड्याच्या मागचं वजन फिरवत होते, सोनार आकडे ओरडत होता, मंगळसूत्र घ्यायला आलेली दोन माणसं उभी राहून बघत होती. तीन. अडीच. दोन पॉइंट दोन. दोन! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तर शिट्टी वाजवली, कंडक्टरची. सोनाराने भिंगातून सुई बघितली आणि म्हणाला, "खरो हिरो आसा, परबांनु. बारीक आसा, पण खरो." येताना भावजी रिक्षात गात होते.

संध्याकाळी माळ्यावरचं भोंग्यांचं जुनं मशीन खाली आलं. ते एकाच आवाजाचं, म्हणून टर्नटेबलाच्या डाव्या-उजव्या दोन्ही वायरी त्यांनी एकत्र पिळून जोडल्या. लग्नात लावायची सतार-तबल्याची रेकॉर्ड लावली. वाजली! जरा पातळ वाटली, पण भावजी म्हणाले नवी सुई आहे, बसेल हळूहळू. विमलाक्काने शिरा केला. मी दोनदा खाल्ला.

गुरुवारी दुपारी सुगंधाबाय आली. रेकॉर्ड तिच्या आईच्या लुगड्याच्या तुकड्यात. खुर्ची दिली तर बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली. भावजींनी हात धुतले, पुसले, रेकॉर्ड दोन तळव्यांत धरून ठेवली आणि सुई खाली सोडली.

खरखर. नुसती खरखर. चुलीवर मीठ टाकल्यासारखी तडतड, आणि तिच्या मागे कुठेतरी लांब, विहिरीच्या तळातून यावा तसा कसलातरी भास. पेटी नाही, मृदंग नाही, माणूस नाही.

मग भावजींनी दांडा उचलला. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

सुगंधाबाय रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "र्‍हवांदे. माझ्याच नशिबात नाय." लुगड्याचा तुकडा खुर्चीवरच विसरली, रेकॉर्डही तबकावरच, आणि चालू पडली.

मला भयंकर राग आला. कोणावर ते कळेना, म्हणून भावजींवर काढला. "चाळीस वर्षां धंदो केलास आणि येक पद वाजवूक येना नाय तुमका?" बोललो आणि लगेच जीभ चावली. विमलाक्का माझ्याकडे अशी बघत होती की मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

भावजींनी मात्र ऐकलंच नव्हतं. ते रेकॉर्ड घेऊन माझ्यामागे अंगणात आले आणि उन्हात तिरकी धरली. आधी पहिली बाजू, सहा वेळा वाजवलेली. राखेसारखी करडी, निस्तेज. मग दुसरी.

"सुदेश, बघ. बघ रे! काळी कुळकुळीत. रेघा भरलेल्यो आसत. झिजली आसती तर करडी दिसली आसती. आवाज हयच आसा, खंय जावूक नाय!"

"मगे ऐकाक कित्या येना नाय?"

त्यांनी एकदम कपाळावर हात मारला. "आवशीक खाव! भोंगे! समोरासमोरचे भोंगे!"

हे मला समजलं कारण तो प्रताप मी डोळ्यांनी पाहिला होता. एका जत्रेत त्यांनी देवळापुढे दोन भोंगे समोरासमोर बांधले आणि एकाची वायर उलटी जोडली. एक भोंगा हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा. कडेच्या लोकांना कीर्तन खणखणीत आणि मधोमध बसलेल्यांना काहीच नाही. मधल्यांनी तेव्हा बुवांनाच शिव्या घातल्या होत्या. इथे तेच झालं होतं. जुन्या रेकॉर्डमध्ये डावीकडे आणि उजवीकडे एकच आवाज असतो. एक बाजू उलटी जोडली आणि दोन्ही एकत्र पिळल्या, की आवाज आवाजाला खातो. खरखर तेवढी दोन्हीकडे सारखी नसते, म्हणून तीच उरते. सतारीच्या रेकॉर्डवर डावा-उजवा आवाज वेगवेगळा, म्हणून ती पातळ का होईना, वाजली होती.

मी खिशातला कागद काढला. या वेळेला त्यांनी अडवलं नाही. मी मोठ्याने वाचलं, "पांढरी, डावी, अधिक. निळी, डावी, उणे."

भावजी मटकन पायरीवर बसले. "भोंग्याच्या वायरीत लाल अधिक आणि पांढरी उणे. चाळीस वर्षां पांढरी उणेच लावलंय मी. हातान आपणच लावल्यान रे, माका इचारूकच नाय!"

"मगे आता इचारा तेका आणि फिरवा! मी बायक आणतंय!"

सहासष्टाव्या वर्षी मी पाणंदीतून धावलो. एका पायातली चप्पल मागे राहिली. सुगंधाबाय आपल्या बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत पोचली होती. मी धापा टाकत शिट्टी वाजवली, दोन लांब. ती वळली.

"काय रे, गाडी सोडलंस काय?"

"बाय, चल! आवाज आसा! वायर उलटी लागली होती, भावजींनी पांढरी... तू चल मगे!"

"माझी परत थट्टा करू नको हां, सुदेश."

"आईशपथ गो!"

आम्ही पोचलो तेव्हा भावजींच्या हातात चिमटा होता आणि कपाळावरून घाम नाकावर येत होता. विमलाक्का पदराने तो टिपत होती. पांढरी आणि निळी, दोनच वायरी. त्यांनी दांड्याचं सुटं केलेलं डोकं परत बसवलं, रेकॉर्ड ठेवली, सुगंधाबायकडे बघितलं नाही, आणि सुई सोडली.

थोडी खरखर. मग पेटी! अशी भरभरून आली की विमलाक्का मागेच सरली. मृदंगाची थाप, आणि त्याच्यावर एका बाईचा गोड, ठसठशीत आवाज. बाई कसली, दत्ताराम! रुसलेल्या राणीचं पद. प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक हरकत स्वच्छ. मी ओरडलो, "वा दत्तारामा!" आणि मला कोणी गप केलं नाही. भावजी तर मांडीवर ठेका धरून डोळ्यांतून पाणी गाळत होते आणि ते पुसतही नव्हते.

सुगंधाबाय आता खुर्चीवर बसली होती. ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर मला हवा होता तो आनंद दिसेना. पद संपायला आलं तशी म्हणाली, "बरा म्हणतत. लोक सांगतत तसाच."

पद संपलं. भावजी पूर्वी पद संपताक्षणी सुई उचलायचे, पुढच्या गाण्याची घाई असायची. आज त्यांना डोळ्यांतल्या पाण्याने दांडाच दिसत नव्हता. सुई शेवटच्या रेघांत तशीच फिरत राहिली. आणि त्या फिरण्यात कोणीतरी श्वास सोडला. मग माईकपासून जरा लांबून, जाड्या, दमलेल्या पुरुषी आवाजात कोणीतरी विचारलं,

"झाला मां? की परत म्हणू?"

एवढं बारीक मांडवातल्या त्या जुन्या प्लेअरवर कधी ऐकू आलंच नसतं.

सुगंधाबाय खुर्चीतून उठली. दोन्ही हात तोंडावर. "गो बाय माझे... पद म्हणी होती ती तेंची राणी. ह्यो माझो बापूस! ह्यो माझो बापूस बोललो!"

मशीनच्या अगदी जवळ गेली ती, वाकली, आणि एकाहत्तर वर्षांची बाई नऊ वर्षांच्या पोरीच्या आवाजात म्हणाली, "परत म्हणा, बाबा."

भावजींनी डोळे पुसले, हात पुढे केला आणि सुई पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली.