आत्तेभावाचं तेलाशी वैर

जगातली निम्मी दुःखं माणसाच्या कपाळावरच्या तेलातून निर्माण होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि तो माझा सख्खा आत्तेभाऊ आहे. उरलेली निम्मी कशातून होतात, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. जराही विचार न करता तो म्हणाला, "नाकावरच्या." रेवदंडा ते अलिबाग शेअर रिक्षा चालवणं हा त्याचा लोकांना माहीत असलेला उद्योग. खरा उद्योग म्हणजे रिक्षात बसलेल्या माणसाचं तोंड समोरच्या आरशात नीट न्याहाळून त्याच्या कातडीचा निकाल लावणं. मी अलिबागच्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि रोज त्याच्याच रिक्षाने जातो, त्यामुळे हा निकाल मी इतक्या जणांवर लागताना ऐकला आहे की आता मलाही अनोळखी माणूस भेटला की आधी त्याचं नाक दिसतं. माझी स्वतःची कातडी जन्मजात कोरडी. थंडीत नखाने ओढलं तर हातावर पाढे लिहून होतात. पण आत्तेभावाला माझा हेवा वाटतो. "तुला देवानं काय दिलंय ते तुला कळत न्हाय, भाऊ," असं तो दर हिवाळ्यात मला सांगतो, आणि मी हाताला व्हॅसलीन चोळत ते ऐकून घेतो.

त्याचं स्वतःचं तोंड म्हणजे मात्र कठीण प्रकरण होतं. सकाळी सहाला घासूनपुसून निघालेला चेहरा चौल येईपर्यंत चकाकायला लागायचा, नागावला त्यावर नारळाच्या झावळ्या दिसायच्या आणि अलिबागच्या स्टँडवर रिक्षा लागली की समोरच्या दुकानाची पाटी त्याच्या कपाळावर उलटी वाचता यायची. यावर तो दिवसातून अकरा वेळा तोंड धुवायचा. सीटखाली पाण्याच्या दोन बाटल्या असत, एक प्यायची आणि एक तोंडाची, आणि तोंडाच्या बाटलीतलं पाणी चुकून कुणी प्यायलं तर त्यात कडुनिंबाचा पाला उकळलेला आहे हे त्या माणसाला वेगळं सांगावं लागत नसे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं होतं, "जितकं धुवाल तितकी कातडी जास्त तेल सोडेल. दोनदा धुवा, पुरे." त्याने मान डोलावली, त्यांचे आभार मानले आणि दवाखान्याच्या नळावर तोंड धुऊन तो बाहेर आला.

प्रवाशांवर त्याचा फार जीव. नागावच्या समुद्रावर निघालेली नवी जोडपी मागे बसली की हा त्यांना लाटांची नाही, मुलतानी मातीची माहिती देणार. गुलाबपाणी किती, दही कधी, मसुराचं पीठ कुणाला चालतं आणि कुणाला नाही. नवरामुलगा हसायचा, नवरीमुलगी मात्र हळूच मोबाईल काढून लिहून घ्यायची. एकदा मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका मावशींकडे तो आरशातून जरा जास्त वेळ बघत राहिला, आणि पुढच्याच क्षणी रिक्षा दणकन खड्ड्यात गेली. मावशी कडाडल्या, "मेल्या, खड्डे रस्त्यात हायेत, माज्या तोंडावर न्हाय! पुडं बग!" तो अजिबात वरमला नाही. उतरताना त्याने त्यांना अदबीने सांगितलं, "मावशी, तुमची कातडी एक नंबर हाय. काय लावता?" मावशींनी काय लावतात ते सांगितलं नाही, पण काय लावून देईन ते सांगितलं.

वड्याच्या गाडीवर त्याला घेऊन जाणं तर मी सोडूनच दिलं. वडा ज्या कागदावर आला त्याच कागदाचा कोरा कोपरा फाडून हा कपाळावर दाबणार, मग तो कोपरा आणि वड्याचा डाग शेजारी शेजारी उन्हात धरून निरखणार. "बग, आज वडा पुडं हाय," असं तो आनंदाने सांगायचा. ज्या दिवशी वडा मागे पडायचा त्या दिवशी तो खायचा नाही. गाडीवाल्याने एकदा मला बाजूला घेऊन कळवळून विचारलं, "ह्याला काय झालंय नक्की?"

रविवारी सकाळी लेप. रेवदंड्याला त्यांच्या घरापुढे मोकळं अंगण आहे, आणि बाजूच्या बायका तिथे जवळा सुकत घालतात. आत्तेभाऊ बेसन, दही आणि संत्र्याच्या सालीची पूड तोंडाला थापून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून खुर्चीत निश्चल बसायचा. असं तोंड कावळ्यांनी याआधी पाहिलेलं नव्हतं. ते नारळावर बसून लांबूनच ओरडायचे, पण जवळ्याला चोच लावायची एकाचीही हिंमत होत नसे. हे लक्षात आल्यावर बायकांनी जवळा घालायची वेळच त्याच्या लेपाला जुळवून घेतली. पाऊण तासाने तो उठायला लागला की पलीकडून हाक यायची, "बस की रं जरा, अजून ओला हाय!" लेप ओला की जवळा, हे त्याने कधी विचारलं नाही. वहिनी मात्र वैतागल्या होत्या. बेसन म्हणू नका, दही म्हणू नका, कढीसाठी ठेवलेलं ताकही पहाटेच मानेवर गेलेलं असायचं. "पिठलं खायचं झालं तर ह्यांचं तोंड खरवडून घ्यावं लागंल," असं त्या आल्यागेल्याला सांगत.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की गडी भलताच नटवा असणार. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण तो चाळिशी उलटेपर्यंत त्याच चकचकीत तोंडाने मजेत हिंडला होता, एक साबणाची वडी सोडली तर त्या तोंडाला काही ठाऊक नव्हतं. हे वेड सुरू झालं ते त्याच्या मुलीमुळे. एकुलती एक पोर, हुशार, भरपूर बोलणारी, आणि चेहरा थेट बापाचा. तेच नाक, तेच कपाळ, तेच तेल, वर त्या वयाच्या पुटकुळ्या. अकरावीत वर्गाचा फोटो निघाला आणि मोबाईलवरच्या ग्रुपवर कुणीतरी तिच्या तोंडाभोवती गोल काढून खाली लिहिलं, "पापड इथे तळून मिळतील." सगळा वर्ग हसला असणार. दुसऱ्या दिवसापासून ती ओढणी तोंडाला गुंडाळायला लागली, स्कुटीवरच्या मुली उन्हासाठी गुंडाळतात तशी, नुसते डोळे उघडे. आधी रस्त्यात, मग वर्गात, आणि शेवटी मी त्यांच्या घरी गेलो तर माझ्यासमोरसुद्धा. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून ओरडणारी ही पोर "काका, चहा" एवढं म्हणून ओढणीतच आत गेली.

"नाक माजं घेतलंन, घेवंदे," आत्तेभाऊ मला त्या संध्याकाळी म्हणाला. "ही कातडी कशाला दिली मी तिला?" जसा काही त्याने ती बाजारातून निवडून आणून दिली होती. त्यानंतर त्याचा नियम ठरला. जो उपाय ऐकायचा तो आधी सहा दिवस स्वतःच्या तोंडावर करायचा, दोघांची कातडी एकच, त्याचं तोंड शाबूत राहिलं तर मग वाटी पोरीच्या दाराबाहेर ठेवायची. वाटी बहुतेक वेळा तशीच सुकून जायची. तो दुसरी ठेवायचा.

बारावीनंतर पोरीला पनवेलच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. हे तिचं लहानपणापासूनचं मनात होतं, बाहुल्यांना सुया टोचण्यापासूनचं. ऑक्टोबरात हजर व्हायचं होतं. आठवडा राहिला तेव्हा तिने जाहीर केलं की ती जाणार नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "गणवेशावर ओढणी चालत न्हाय." वहिनी रडल्या, रागावल्या, देव पाण्यात ठेवले. आत्तेभावाने यातलं काहीच केलं नाही. त्याने आठवड्यात गुण देणारा उपाय शोधायला घेतला आणि मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं लिंबू त्याला सापडलं. या वेळी सहा दिवस थांबायला सवड नव्हती. त्याने अर्धं लिंबू तोंडावर खसाखसा चोळलं, रस तसाच वाळू दिला आणि ऑक्टोबरच्या भर उन्हात अलिबागच्या चार खेपा मारल्या. मी तिसऱ्या खेपेला होतो. "चुरचुरतंय, म्हंजे लागू पडतंय," तो मला समाधानाने म्हणाला.

काय लागू पडलं ते दोन दिवसांत दिसलं. तोंड भाजून लाल झालं, मग जिथे जिथे लिंबाचा रस ओघळला होता तिथे तिथे काळे पट्टे उठले, कपाळावरून गालांवर आणि गालांवरून गळ्यापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, उन्हात जाऊ नका म्हणाल्या आणि हे डाग जायला काही महिने लागतील असं सांगितलं. हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला असावा, पण तो पुरला नाही. दुसऱ्या दिवशी मी रिक्षात बसायला गेलो तर पुढे वहिनींची ओढणी तोंडाला गुंडाळलेला एक ड्रायव्हर. आरसा वर वळवून ठेवलेला. मागे चार माणसं बसली तरी हा कुणाला एक शब्द बोलला नाही. नागाव गेल्यावर मी विचारलं, "परवा पोरीला सोडायला जाणार ना? ती तयार झालीच तर?"

"तिची आई जाईल," तो ओढणीतून म्हणाला. "असलं त्वांड घिऊन मी कुठं जाऊ? पोरीला लोक काय म्हनतील?"

हे त्याने घरीही सांगितलं होतं, आणि पोरीने ऐकलं होतं. हजर व्हायच्या सकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. रिक्षा अंगणात उभी, हा ओढणी बांधून आत बसलेला, कुणाला तरी स्टँडवर सोडायचंय असं दाखवत होता, पण हलत नव्हता. पोर बाहेर आली. हातात बॅग होती. तिच्याही तोंडाला ओढणी. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले, चार डोळे आणि दोन ओढण्या. मला हसायला यायला हवं होतं.

"पप्पा, काडा ती," ती म्हणाली.

"लोक बगतात."

"बगूदेत. मला सोडायला तुमीच पायजे."

त्याने मान हलवली. जागचा उठला नाही. तिने बॅग खाली ठेवली, मानेमागे हात नेला आणि आपली ओढणी सोडली. दोन वर्षांनी मी तिचा चेहरा पाहिला. पुटकुळ्या होत्या, तेलही होतं, आणि ती आत्तेभावासारखी दिसत होती, अगदी त्याच्यासारखी. तिने वाकून त्याच्याही ओढणीची गाठ सोडली, त्या पट्ट्यापट्ट्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि फस्सकन हसली. तोही हसला. वहिनी दारात डोळे पुसत होत्या, मी कावळे बघत होतो. मग ते दोघं उघड्या तोंडाने पनवेलला गेले, आणि कॉलेजात कुणीही त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, असं त्याने परत आल्यावर मला जरा नाराजीनेच सांगितलं.

आता ती तिथे रमली आहे. आत्तेभावाचे पट्टे पुसट झालेत. तो दिवसातून दोनदाच तोंड धुतो, कारण मुलीने फोनवर तसं सांगितलं, आणि तिचं तो ऐकतो. तोंड पूर्वीइतकंच चकाकतं. लेपबिप बंद झाले. प्रवाशांनाही तो फारसं काही सांगत नाही, कुणी आपणहून विचारलं तर म्हणतो, "पानी प्या, झोपा नीट." त्याच्या रिक्षात एवढी शांतता मला सवयीची नाही.

परवा अलिबागहून येताना आम्ही दोघंच होतो. अक्षी गेली, नागाव गेलं, तरी हा गप्प. मी शेवटी विचारलं, काय झालंय म्हणून. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "शिमग्याला येत न्हाय ती. वार्डात ड्यूटी लागलीय."

मी म्हणालो, चांगलंच आहे की, शिकते आहे. तो म्हणाला, व्हय, चांगलंच हाय. त्यानंतर रेवदंडा येईपर्यंत तो बोलला नाही. त्याने काहीतरी बोलावं, कशाबद्दलही, असं मला फार वाटत राहिलं.