फेस्टीचा खडा

फेस्टीने चर्च सोडलं आणि तो गावाखालच्या डोलीनच्या किनाऱ्यावर एका दगडापुढे गुडघे टेकायला लागला, असा गावभर बोभाटा झाला होता. साफ खोटं. गुडघे टेकायचा हे खरं, पण मोजमाप घ्यायला. आणि तो दगडही नव्हता. आमच्या खाडीच्या तळाशी जांभळट गुलाबी शेवाळ वाढतं. अंगात चुना भरून टणक खडा होतं, मेलं की पांढरं पडून किनाऱ्यावर येतं. पाहुणे त्याला पोवळं म्हणतात. आम्ही म्हणू देतो.

फेस्टी होड्या बांधतो. हाताला सफाई, तोंडाला कुलूप. असा माणूस लग्नाचं विचारणार कसा? त्याने बोराएवढा जिवंत खडा काढला आणि दुकानवाली सोरखा हिच्यापुढे धरला.

"हा अंड्याएवढा झाला की विचार," सोरखा म्हणाली. दुकानातले सगळे हसले. फेस्टी नाही हसला. त्याने खडा ओहोटीतही न आटणाऱ्या एका डबक्यात ठेवला. उधाणाच्या ओहोटीला पाणी पार मागे हटलं की हा तिथे हजर. त्यावर चिकटलेलं गवत काढायचा, गोगलगायींना दम द्यायचा.

पुढे गॉलवे शहरातून समुद्राचा अभ्यास करणारी एक पोरगी आली. खडा पाहून तिने फेस्टीला सांगितलं, "वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, काका."

मी म्हटलं, "फेस्टी, तुझं लग्न लागेल तेव्हा आम्ही सगळे मातीखाली. जेवायला कोण येणार?"

"तेवढंच जेवण वाचेल."

"अरे, खाडीत मोठे पडलेत की! एक आणून बदल."

"माझा मी ओळखतो."

अशी बरीच वर्षं गेली. मग यंदाच्या वसंतात सोरखाने दुकान विकलं. बॉस्टनला बहिणीकडे कायमचं जायचं ठरलं. फेस्टीचं तोंड आणखीच बंद. पण पुढच्या ओहोटीला तो डबक्यापाशी उभा राहून असा ओरडला की अर्धं गाव खाली धावलं. त्याच्या हातात अंड्याएवढा गुबगुबीत खडा होता.

"हा माझा नाही! कोणी केला हा चावटपणा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात एकदा मी निर्दोष होतो, तर कोणाला पटेना.

"मी केला," मागून सोरखा म्हणाली. गुडघ्यापर्यंत भिजली होती. "परवाचं तिकीट आहे माझं, गाढवा! आता तरी विचार!"

फेस्टीने खड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग पहिल्याच वर्षी का नाही टाकलास? पाय गारठून गेले माझे!"