टेस्टिंगचा कॉल

डहाणूला आमच्या शेजारी राहणारा मुलगा, कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या अँड्रॉइड फोनसाठी नवीन कर्नेल लिहितो. कर्नेल म्हणजे फोनला आतून चालवणारा मूळ प्रोग्राम, एवढंच मला कळलंय. फोन सुरू झाला की तो म्हणतो ‘उठला’, अडकला की ‘रुसला’. किती तापतो ते बघायला आईच्या वाळत्या बोंबलांशेजारी उन्हात ठेवतो. मग मला कॉल.

“काकी, आवाज येतो?”

“येतो.”

“बस.” की कट. नेमकी मी फोडणी टाकलेली असते.

आमचे हे गेल्यापासून मात्र टेस्टिंग रोज संध्याकाळी व्हायला लागलं, आणि कॉलही लवकर संपेना. “बोलत राहा काकी, माइक बघतोय. जेवायला काय केलंत?”

परवा घोलवडचे चिकू द्यायला त्यांच्याकडे गेले. टेस्टिंगचा फोन टेबलावर उघडा पडला होता, बॅटरी बाजूला.

“महिना झाला बिघडून,” त्याची आई म्हणाली. “काम बंदच आहे त्याचं.”

मी चिकू ठेवून घरी आले. संध्याकाळी कॉल आला.

“काकी, आवाज येतो?”

“खरखर आहे रे अजून,” मी म्हटलं. “उद्या परत बघ.”